दिवा विझला तर काय समजायचं?

(गुहागर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गुहागरला रेल्वे नाही. आपलं जवळचं स्टेशन चिपळूण, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटर. मग गुहागरात बसून रेल्वेच्या सिग्नलवर बोलायचं कशाला, असं दोघातिघांनी आम्हाला दुपारीच विचारलं. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचा जन्म गेला. त्या माणसानं सिग्नलबद्दल काय सांगायचं, हा त्यामागचा न विचारलेला प्रश्नही आमच्या लक्षात आला. दोन्हींचं उत्तर शेवटापर्यंत मिळेल अशी आशा आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या दिव्यापासून करू. अंजनवेलला टाळकेश्वराच्या देवळाजवळ दीपगृह आहे. दाभोळच्या खाडीत शिरणाऱ्या तांडेलाला तो दिवा सांगतो की किनारा इथे आहे. पुढे काय करायचं ते तांडेलानं ठरवायचं. दीपगृह माहिती देतं, हुकूम देत नाही. रेल्वेचा सिग्नल हुकूम देतो. रेल्वेच्या पुस्तकात सिग्नलचं दिसणारं रूप वेगळं सांगितलेलं असतं आणि त्या रूपाचा हुकूम वेगळा. रूपाला तिथे 'आस्पेक्ट' म्हणतात, आपण रूपच म्हणू. लाल हे रूप, 'थांब' हा हुकूम. एक पिवळा हे रूप. त्याचा हुकूम 'पुढे जा, पण पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीनं जा'. दोन पिवळे दिसले तर पुढचा सिग्नल ठरवून दिलेल्या कमी वेगानं ओलांडायची तयारी ठेवायची. हिरवा म्हणजे जा. एवढं कुणीही तासाभरात पाठ करील.

पाठ करून न सुटणारा प्रश्न पुढेच आहे. रात्रीची वेळ आहे, पाऊस कोसळतोय, आणि जिथे सिग्नल असायला हवा तिथे काहीच दिसत नाही. लाल नाही, हिरवा नाही, नुसता अंधार. आता इंजिनातल्या माणसानं काय समजायचं? आजचं व्याख्यान या एकाच प्रश्नाभोवती आहे, कारण रेल्वेला त्याचं उत्तर सापडायला बरीच वर्षं लागली आणि बरीच माणसं जावी लागली.

आपल्याकडे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. ३४ किलोमीटरचं अंतर, चारशेच्या आसपास पाहुणे, तीन इंजिनं. एकच गाडी असली की सिग्नलची गरज फारशी पडत नाही. दुसरी गाडी आली की पडते. आरंभीच्या काळात इंग्लंडात रीत अशी होती की एक गाडी सुटली की ठरावीक मिनिटं थांबायचं आणि मग मागची सोडायची. घड्याळावर सगळा भरवसा. पहिली गाडी वाटेत अडली असेल तर ते घड्याळाला कसं कळावं? पुढून काही वाईट बातमी नाही, म्हणजे सगळं ठीक असणार, असं गृहीत धरून मागची गाडी सुटायची.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माघजवळ सहलीची एक गाडी चढावर अडली. ती दोन भागांत तोडून पुढचा भाग आधी नेण्याचं ठरलं, पण मागचे डबे सुटून उतारावरून खाली घरंगळले. मागून दहा-वीस मिनिटांच्या हिशेबानं सोडलेली दुसरी गाडी येतच होती. ऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यात मुलं पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला आणि घड्याळाची रीत मोडीत काढली. दोन स्टेशनांमधला तुकडा हे एक घर समजायचं आणि त्या घरात एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनानं 'गाडी पोचली, घर रिकामं आहे' असं कळवल्याशिवाय मागच्यानं दुसरी सोडायची नाही. याला ब्लॉक पद्धत म्हणतात. बदल लहान दिसतो, पण फार मोठा आहे. आधी न बोलणं म्हणजे परवानगी होती. आता परवानगी तोंडानं मागावी लागते आणि तोंडानं मिळावी लागते.

एकेरी मार्गावर हीच परवानगी लोकांनी चक्क हातात घेता येईल अशी केली. आपल्यातल्या वयस्कांनी पाहिलं असेल, गाडी धडधडत स्टेशनातून जायची आणि फलाटावरचा माणूस वेताचं मोठं कडं उंच धरून उभा असायचा. इंजिनातला माणूस हात बाहेर काढून ते दंडात अडकवून घ्यायचा आणि आपल्याजवळचं कडं खाली टाकायचा. त्या कड्याला चामड्याची पिशवी आणि पिशवीत लोखंडी गोळा. दोन स्टेशनांतली दोन यंत्रं तारेनं जोडलेली. यंत्रांत गोळे बरेच असत, पण एक बाहेर निघाला की तो परत कुठल्यातरी टोकाला यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नसे. गोळा हातात नाही, तर पुढे जायचं नाही. वाद संपला.

आता सिग्नलच्या हाताकडे येऊ. आम्ही शिकायला बाहेर पडलो तेव्हा गुहागरहून एस्टीनं चिपळूण, तिथून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड, आणि कऱ्हाडला पुण्याची गाडी. तेव्हा ती लाइन मीटर गेज होती. कोकणातल्या पोरांना आगगाडीचं अप्रूप भारी. आम्ही गाडीपेक्षा तो खांबावरचा लाल हात बघत बसायचो. हात आडवा म्हणजे थांब. मग कुठेतरी तार करकरायची, हात खट्कन खाली झुकायचा आणि फलाटावर गलका व्हायचा, 'सिग्नल पडला, सिग्नल पडला!' सामानाची उचलाउचल सुरू. आज खांबावर हात नाही, पडायला काही उरलेलं नाही, तरी आपण 'सिग्नल पडला' म्हणतोच.

पण हे 'पडणं' जरा विचार करण्यासारखं आहे. हात पडला म्हणजे जा, असं असेल तर तार तुटून हात आपोआप पडला तर? मग तुटलेली तार गाडीला 'जा' म्हणेल! म्हणून वजनाची रचना अशी ठेवलेली असे की तार ओढून धरली तरच हात खाली राहील. तार तुटली की वजन हाताला पुन्हा आडवा करी. पुढे दुसऱ्या तऱ्हेचे सिग्नल आले, त्यात 'जा' सांगायला हात वर उचलावा लागतो. तिथे तार तुटली की हात स्वतःच्या वजनानं आडवा येतो. पहिल्यात लावलेलं वजन राखण करतं, दुसऱ्यात हाताचं स्वतःचं. मुद्दा एकच. 'जा' म्हणायला कुणीतरी सतत जोर लावला पाहिजे, आणि जोर सुटला की उत्तर 'थांब'.

हे शहाणपण पहिल्यापासून नव्हतं. जुन्या इंग्लिश सिग्नलांत 'जा' म्हणताना हात खांबातल्या खाचेत पूर्ण लपून जायचा. हात दिसत नाही म्हणजे जा. आणि काही मार्गांवर सिग्नलची रोजची, नेहमीची अवस्था 'जा' अशीच असे. अडचण असली तरच हात बाहेर काढायचा. २१ जानेवारी १८७६ ला इंग्लंडात ॲबट्स रिप्टन इथे बर्फाचं वादळ झालं. ओला बर्फ खाचेत आणि तारांवर गोठला. सिग्नलवाल्यानं दांडा ओढला, त्याला वाटलं हात आडवा झाला. हात जागचा हलला नव्हता. एक्स्प्रेस 'जा' समजून आली आणि पुढच्या कोळशाच्या गाडीवर आदळली. थोड्या वेळानं दुसरीकडून येणारी एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. त्यानंतर सिग्नलची नेहमीची अवस्था 'थांब' झाली.

रंगांचंही तसंच. आज आपल्याला हिरवा म्हणजे जा हे निसर्गनियमासारखं वाटतं. पण आरंभी पांढरा दिवा म्हणजे जा, हिरवा म्हणजे सावध, लाल म्हणजे थांब असा हिशेब होता. आता दिव्यासमोरची लाल काच फुटली तर मागे काय दिसेल? पांढरा उजेड! म्हणजे 'थांब' मोडलं की त्याचं आपोआप 'जा' होतं. शिवाय शहरं वाढली, रस्त्यावर, घरांत पांढरे दिवे लागले. त्यातला कुठला सिग्नलचा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्याला रजा मिळाली, हिरवा 'जा' झाला आणि सावधपणासाठी पुढे पिवळा आला. एक गंमत सांगतो. रॉकेलच्या दिव्याची ज्योत पिवळसर असते, म्हणून हिरवा दिसावा यासाठी समोरची काच निळसर बसवत. तिच्यामागची ज्योत पेटवायला संध्याकाळी एक माणूस शिडीनं खांबावर चढायचा. दिव्याच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असे, त्यातून स्टेशनातल्या माणसाला पांढरा ठिपका दिसे. ठिपका आहे तर दिवा जळतोय. म्हणजे दिव्यावरसुद्धा लक्ष ठेवणारं कुणीतरी होतं.

आता आपल्या प्रश्नाचं उत्तर. भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत ते स्पष्ट आहे. जिथे सिग्नल असायला हवा तिथे तो नसेल, दिवा लागायला हवा तेव्हा लागलेला नसेल, रंगाच्या जागी पांढरा उजेड दिसत असेल, रूप अर्धवट किंवा फसवं असेल, किंवा एकाच वेळी दोन रूपं दिसत असतील, तर चालकानं असं समजायचं की तो सिग्नल त्याचं सर्वांत कडक रूप दाखवतो आहे. जो सिग्नल लाल होऊ शकतो, तो विझला तर लालच समजायचा.

आपल्याकडे म्हण आहे, मौनं संमतिलक्षणम्. गप्प बसला म्हणजे होकार. घरात, सभेत, लग्नाच्या बैठकीत आपण सगळा व्यवहार त्यावर चालवतो, आणि त्यापायी किती जणींचं नुकसान झालं ते वेगळं सांगायला नको. रेल्वेनं ही म्हण उलटी केली. मौन म्हणजे नकार.

इथे आमचं तत्त्वज्ञान आडवं येतं. बरं का, फार वेळ घेणार नाही! आपल्या दर्शनांत एक जुना वाद आहे. एखादी गोष्ट 'नाही' हे आपल्याला कसं कळतं? जमिनीवर घट नाही, हे ज्ञान कुठून आलं? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानंच कळलं. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, यासाठी वेगळं सहावं प्रमाण मानलं पाहिजे, अनुपलब्धी. न दिसणं हाच पुरावा. पण त्यांनी लगेच अट घातली. नुसतं न दिसणं पुरत नाही. ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. काळोख्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तिथे घट नाही, असं म्हणता येत नाही. याला योग्य अनुपलब्धी म्हणतात.

आता खांबाकडे बघा. लाल दिसत नाही, म्हणजे धोका नाही, असं कधी म्हणता येईल? लाल असता तर दिसलाच असता, याची खात्री असेल तेव्हाच. दिवा विझलेला आहे, म्हणजे खोली काळोखी आहे. त्या काळोखात धोका दिसला नाही यातून काहीच सिद्ध होत नाही. आमच्या मीमांसकांनी हे पोथीत लिहून ठेवलं. रेल्वेनं ते बर्फात, धुक्यात, मेलेल्या माणसांकडून शिकून घेतलं.

आणि एकदा शिकल्यावर तेच सगळीकडे वापरलं. रुळांतून हलका वीजप्रवाह सतत सोडलेला असतो. तो दुसऱ्या टोकाला पोचतोय तोवर तिथला रिले उचललेला राहतो आणि त्याचा अर्थ 'हा तुकडा मोकळा आहे'. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह पुढे पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल लाल. पण रूळ तुटला तरी लाल, तार तुटली तरी लाल, बॅटरी संपली तरी लाल. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सननं १८७२ च्या सुमाराला हे शोधलं. वीज अखंड 'मोकळं आहे, मोकळं आहे' म्हणत असते, आणि ती गप्प झाली की कुणीतरी आहे असं धरायचं.

मुंबईकर मंडळी इथे असतील तर त्यांच्या मनात एक शंका आली असेल. आमची लोकल तर लाल सिग्नल ओलांडून हळूहळू पुढे जाते! बरोबर आहे. मुंबईत १९२८ पासून व्हीटी ते भायखळा स्वयंचलित दिव्यांचे सिग्नल आले, ते देशातले पहिले. अशा सिग्नलच्या खांबावर 'ए' अक्षराची गोल पाटी असते. तिथे लाल असला तर गाडी थांबवायची, दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं वाट बघायची, आणि मग अतिशय सावधपणे, पुढे काहीतरी उभं आहे असं धरूनच निघायचं. तिथे सांधे बदलायचे नसतात, सगळ्या गाड्या एकाच दिशेच्या असतात, म्हणून एवढी सूट. स्टेशनात घेणाऱ्या सिग्नलला मात्र ही सूट नाही. एकच लाल रंग, पण त्याचा हुकूम खांबावरच्या पाटीनं बदलतो. म्हणून सुरुवातीला म्हटलं, रूप वेगळं आणि अर्थ वेगळा.

आता आपल्या घरी येऊ. कोकणात रेल्वे यावी म्हणून किती जणांनी किती वर्षं घालवली! नाथ पै, मधु दंडवते ही नावं या सभागृहाला सांगायला नकोत. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्या हाती काम आलं, आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सगळा मार्ग जोडला गेला. करबुड्याचा एकटा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. सिग्नल सगळे रंगीत दिव्यांचे.

२२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची खास गाडी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर आदळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवर आदळून डबे पुलावरून खाली गेले. दोन्ही वेळा पाऊस, दोन्ही वेळा डोंगर.

त्या काळात आम्ही सारखे एकाच विचाराशी अडत होतो. वर्षानुवर्षं माणसांनी सिग्नल इतका शहाणा केला, मग हे का झालं? उत्तर साधं आहे आणि कडू आहे. सिग्नलला जे विचारलं, त्याचंच तो उत्तर देतो. त्याला विचारलेलं होतं, पुढे गाडी आहे का? डोंगर सुटलाय का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. हिरवा दिवा म्हणजे 'सगळं ठीक आहे' असं आपण प्रवासी समजतो. हिरव्याचा खरा अर्थ फार लहान आहे. पुढे गाडी नाही आणि वाट लावलेली आहे, एवढाच. दरडीच्या बाबतीत त्या रात्री खोली काळोखीच होती, आणि आपण सगळे मौनाला संमती समजत होतो.

त्यानंतर कोकण रेल्वेनं जे केलं ते आमच्या मते सिग्नलच्या जुन्या नियमाचंच पुढचं पाऊल आहे. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक, कमी वेग. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही. धोक्याच्या कटिंगांत रात्रंदिवस गस्त. डोंगरउतारांना जाळ्या, उतार कमी करणं. डोंगराबद्दल माहिती नाही, म्हणून डोंगर सुटलेला असू शकतो, असं धरून चालायचं.

कुणी म्हणेल, मग सिग्नलवर विश्वास ठेवायचा की नाही? ठेवायचा. पण तो विश्वास माणसांच्या कामावर असतो हे विसरायचं नाही. २ जून २०२३ ला ओडिशात बाहानगा बाजार इथे कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा मिळाला होता आणि सांधा मात्र बाजूच्या लूप लाइनला लागलेला होता. तिथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसं गेली. चौकशीत निघालं की सिग्नलच्या जोडण्या बदलताना चुका झाल्या होत्या. मघाशी सांगितलेली सगळी रचना, वजन, वीज, रिले, ही मोडली की लाल व्हावी यासाठी आहे. पण कुणी चुकीची तार जोडून ती रचनाच वळसा घालून टाळली, तर दिवा बिचारा खोटं बोलतो आणि त्याला ते कळत नाही. इंजिनातल्या माणसाकडे त्यावर काही उपाय नसतो. त्यानं हिरवा पाहिला, नियमाप्रमाणे सहकाऱ्याला ओरडून सांगितला, सहकाऱ्यानं तोच परत म्हटला. दोघंही नियमानं वागले.

एक कबुली देऊन संपवतो. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात रात्री मुंबईहून येत होतो. गाडी आडरानात लालला थांबली ती पाऊण तास. बाहेर पाऊस असा की खिडकीबाहेर काळं पाणी. डब्यात रेल्वेचा उद्धार सुरू झाला, आणि आम्ही, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेले, त्यात सगळ्यांच्या पुढे! शेवटी रुळाच्या कडेनं एक माणूस आला. डोक्यावरून इरलं घेतल्यासारखा प्लास्टिकचा कागद, हातात कंदील, खांद्याला पिशवी. डब्याखालून पुढे चालत गेला. थोड्या वेळानं गाडी हलली. तो कटिंग बघून आला होता की आणखी काही, ते आम्हाला कळलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. चिपळूणला उतरल्यावर लक्षात आलं की पाऊण तास आपण ज्याला शिव्या दिल्या, ती त्या रात्री कुणीतरी आपल्यासाठी मागितलेली परवानगी होती.

तेव्हा गुहागरच्या मंडळींना सिग्नल का सांगायचे, याचं उत्तर असं. पावसाळा आपला आहे, डोंगर आपले आहेत, त्या गाडीतली पोरं-नातवंडं आपली आहेत. गाडी उशिरा आली की रागवा, तो हक्क आहे. पण अंधारात थांबलेल्या गाडीला 'काही दिसत नाहीये तर जाऊ द्या ना' असं म्हणू नका. काही दिसत नाही, म्हणूनच ती थांबली आहे.

इथेच थांबतो. आपण शांतपणे ऐकलंत. आणि आपल्या शांततेला आम्ही संमती समजत नाही. शंका असतील तर जरूर विचारा.